अंबडच्या आवारात थांबलेले ट्रक

सोलापूरहून रात्रभर प्रवास करून मी सकाळी नाशिकला उतरलो. थोरली बहीण शैलाताई स्टँडवर उभीच होती. ताई निफाडची. बागांतली द्राक्षं ट्रकनं बाजारात पोचवते, ट्रक स्वतः चालवते. नवा मिळणार या भरवशावर तिनं जुना विकून टाकला, आणि नव्याचा ताबा दोनदा पुढं गेला. तोडणी मात्र सोमवारी सुरू होणार होती.

"एकटीनं भांडून कंटाळा आलाय. तू नुसता शेजारी बस," ती म्हणाली.

वाटेत मिसळ खाल्ली. शर्टावर रस्सा सांडून घेतला आणि तसाच नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत पोचलो. ट्रकच्या शोरूममागच्या आवारात नवेकोरे ट्रक रांगेनं उभे होते. मला तर ते तयारच वाटले.

"सगळं बसलंय, फक्त इंजिनाची इलेक्ट्रॉनिक पेटी नाही," मॅनेजर म्हणाला. "ती बाहेरून येते, आणि येतच नाही. शिवाय किंमत वाढलीय. ताब्याच्या दिवशीची लागेल."

"उशीर तुमचा आणि वाढीव पैसे माझे?" ताईचा आवाज चढला.

मॅनेजरनं वर दोन-तीन फोन केले. शेवटी जुन्या नोंदणीला जुनीच किंमत, असं ठरलं. मी सुस्कारा सोडला, तोच मॅनेजर बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "पण आज पेटी एकच आलीय. पहिला नंबर यांचा."

बाकावर सुरगाण्याचे काशिनाथभाऊ बसले होते. तिकडचा तांदूळ ते गुजरातेत पोचवतात.

ताईनं भाऊंकडे पाहिलं. मग म्हणाली, "नंबर त्यांचा, तर त्यांनाच द्या."

पेटी बसेपर्यंत भाऊंनी फडकं सोडलं. "घ्या ताई, नागलीची भाकर हाय." नाचणीला तिकडं नागली म्हणतात. खाताखाता त्यांनी तोडणीची चौकशी केली आणि सहज म्हणाले, "माझी जुनी गाडी बाहेर उभी हाय. तुमची येईपर्यंत चालवा."

"अहो, नवे मिळत नाहीत म्हणून जुन्याला भाव आलाय. विकून टाका," ताई म्हणाली.

"विकू की मंग. भाडं द्या काय जमंल ते. पन ऑइल बघत जा, लय पिती."

ताईनं आपला डबा उघडून उरलेले दोन्ही लाडू त्यांच्या पानात वाढले.

दुपारी भाऊ नव्या ट्रकनं सुरगाण्याकडे गेले, आम्ही जुन्यानं निफाडकडे. माझ्या बाजूचं दार तारेनं बांधलेलं, हॉर्न मनाला येईल तेव्हा वाजणारा. दोन्हीकडे द्राक्षबागा, घडांना कागद गुंडाळलेले. ताई गुणगुणत चालवत होती.

मंगळवारी मी परत निघालो. बस सिन्नर ओलांडते तोच तिचा फोन आला. पहिला माल वेळेत पोचला होता.

मी भांडणात तिच्या शेजारी बसायला गेलो होतो आणि भाकरी खाऊन परतत होतो. ताईच्या ट्रकची पेटी कधी येईल, कोणालाच माहीत नव्हतं. पण तोडणी कोणासाठी थांबली नव्हती, आणि ताईही नाही. फोन ठेवला आणि सोलापूर येईपर्यंत गाढ झोपलो.