पट्टा सोडायचा नाही

मी आजवर तीन माणसांना पाडलंय, आणि त्यांतली दोन घरचीच होती.

तिघांपैकी एकाशीही माझं वैर नव्हतं. मी शिकत होते, एवढंच. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. आम्ही तेव्हा श्रूजबरीला राहायचो. माझी प्राणिशास्त्राची एम. एस्सी. अमेरिकेत कोणालाच नको होती. एका दुकानात कापड मोजून कंटाळल्यावर मी जवळच्या कम्युनिटी कॉलेजात फिजिकल थेरपिस्ट असिस्टंटच्या कोर्सला नाव घातलं. श्रीधर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "म्हणजे मालिश ना?" (त्या आठवड्यात त्याला रोज उपमा मिळाला.)

लेखी परीक्षांत मी पहिली यायचे. हाडांची नावं पाठ करणं हा आपल्याकडच्या शिक्षणाला अगदी साजेसा प्रकार. घोडं अडलं ते प्रात्यक्षिकात.

पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर न्यायचं, तर त्याच्या कमरेला एक जाड कापडी पट्टा बांधतात. आपण समोर उभं राहून पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. पेशंटचा पाय घसरू नये म्हणून आपलं पाऊल त्याच्या पावलाला टेकवायचं, एक-दोन-तीन म्हणत त्याला उभं करायचं, वळवायचं आणि बसवायचं. काही झालं तरी पट्टा सोडायचा नाही.

आता विचार करा. दुसऱ्याला पाय लावायचा! आणि तोही मुद्दाम!

पहिल्याच दिवशी माझी जोडीदार होती डेबी. गोड मुलगी, अभिनयाची हौस दांडगी. डावा पाय लुळा आहे म्हटल्यावर तिनं तो खरोखरच लुळा सोडला. मी पट्टा धरला, एक-दोन-तीन म्हटलं, माझं पाऊल तिच्या पावलाला लागलं आणि लहानपणापासून अंगात मुरलेलं वळण आपोआप कामाला लागलं. मी चटकन वाकले, तिच्या बुटाला हात लावला आणि कपाळाला टेकवला. डेबी जमिनीवर बसली होती.

आमच्या बाई, मिसेस हॅरिस, मिलिटरी इस्पितळातून आलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, हे काय होतं? मी म्हटलं, पाय लागला, म्हणून सॉरी म्हणत होते.

"सॉरी तोंडानं म्हणायचं असतं," त्या म्हणाल्या. "हात पट्ट्यावर."

पुढच्या खेपेला मी पुन्हा तेच केलं. (डेबी या वेळी तयारीत होती, ती पलंगाला धरून बसली.) मग मिसेस हॅरिसनी मला बाजूला घेतलं. तीन आठवड्यांनी परीक्षा होती. परीक्षेत पट्टा सुटला तर नापास, आणि नापास झाले तर इस्पितळातलं ट्रेनिंग नाही. पुन्हा एक वर्ष थांबा. एक वर्ष म्हणजे पुन्हा कापडाचं दुकान. मला रडूच आलं. या परक्या गावात स्वतःचं असं एक काम मला हवं होतं, आणि ते माझ्याच चांगल्या वळणापायी निघून चाललं होतं.

घरी सराव करायचा ठरवलं. श्रीधरला सोफ्यावर बसवून उजवी बाजू कमजोर आहे असं समजायला सांगितलं. तो सगळ्याच बाजूंनी कमजोर झाला. पेशंटला चहा मिळतो का, पेशंटच्या पाठीला उशी देत नाहीत का, असं बराच वेळ चाललं. शेवटी मी त्याला उभं केलं. पाय लागला. मी वाकले. श्रीधरनं आधाराला उंच दिवा धरला आणि दिव्यासकट खाली आला. उठला तेव्हा दिव्याची टोपी त्याच्या डोक्यावर होती.

"तुमच्या कॉलेजचा इन्शुरन्स नवऱ्याला कव्हर करतो का गं?" त्यानं विचारलं.

हे सगळं सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्या कराडहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. धडधाकट माणसानं दुखण्याचं सोंग आणू नये असं त्यांचं ठाम मत होतं. पण दिव्याची अवस्था बघून त्यांना माझी कीव आली. (मुलाची आल्याचं दिसलं नाही.) मी हलकी आहे, मला उचल, असं त्या आपणहून म्हणाल्या. फक्त सोंग मंगळवारी आणायचं नाही, एवढी अट घातली.

बुधवारी संध्याकाळी मी त्यांच्या नऊवारीवरून पट्टा बांधला. त्यांनी माझ्या दोन्ही दंडांना घट्ट धरलं. जड दिव्यापेक्षा हा आधार बरा, असं मला वाटलं. पण इथे मी एक गोष्ट विसरले होते. श्रीधरला पाय लागला तर नमस्कार फक्त मी करते. सासूबाईंना नमस्कार केला की त्या आशीर्वाद देतात!

माझं पाऊल लागलं. मी पट्टा सोडून वाकले. त्यांनी माझे दंड सोडून दोन्ही हात वर केले. "अखंड सौभाग्यवती हो," म्हणता म्हणता त्या माझ्या पाठीवर आल्या आणि आम्ही दोघी सोफ्याजवळच्या शंकरपाळ्यांच्या परातीत गेलो. श्रीधर ऑफिसातून आला तेव्हा त्याची आई त्याच्या बायकोवर बसली होती आणि आशीर्वादाचा एक हात अजून वरच होता.

"डिस्टर्ब करत नाही," म्हणून तो पाऊल न वाजवता आत गेला.

सासूबाईंना लागलं नाही. पण पदराला चिकटलेला चुरा झाडताना त्या विचारात पडल्या होत्या.

"सकाळी उठल्यावर पाय टेकण्याआधी आपण जमिनीची माफी मागतो की नाही?" त्या म्हणाल्या.

"मागतो."

"मग दिवसभर तिच्यावर चालतोच ना? सारखे वाकतो का? तू पण आधीच नमस्कार करून टाक. मग लागू दे किती लागायचा तो पाय."

मिसेस हॅरिसना जे जमलं नव्हतं ते या बाईंनी शंकरपाळ्यांत बसून सोडवलं होतं. मी आगाऊ नमस्कार केला. त्यांनी आगाऊ आशीर्वाद दिला. मग पाय लागला, आणि काहीही झालं नाही! आम्ही दोन आठवडे सोफ्यावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून सोफ्यावर जात राहिलो. एक मंगळवारसुद्धा त्यांनी चालवून घेतला.

परीक्षेला पेशंट म्हणून आले होते मिस्टर डॉनली, निवृत्त पोस्टमन, उंच आणि मायाळू. मी आत गेल्या गेल्या वाकून त्यांच्या दोन्ही बुटांना हात लावला आणि कपाळाला टेकवला. माझं काही पडलं का, असं त्यांनी विचारलं. मिसेस हॅरिसनी मात्र मान डोलावून हातातल्या कागदावर टिकमार्क केला. पेशंटचे बूट नीट आहेत का हे आधी तपासायचं असतं, आणि वर्गात ते सगळे विसरत!

पट्टा धरला. पाऊल टेकवलं. हात जागचे हलले नाहीत. मिस्टर डॉनली अलगद उभे राहिले. आता फक्त वळवून बसवायचं होतं. मला हसू फुटायला लागलं.

तेवढ्यात मिसेस हॅरिसच्या हातातला गुणांचा कागद निसटला, आणि वळता वळता माझा पाय थेट त्याच्यावर पडला.

कागदावर पाय! लिहिलेल्या कागदावर! आणि या कागदाला आगाऊ नमस्कार केलेलाच नव्हता. मी वाकले. पण दोन आठवड्यांची सवय हातांत पक्की बसली होती, त्यांनी पट्टा काही सोडला नाही. त्यामुळे माझ्याबरोबर मिस्टर डॉनलीही वाकले. आम्ही दोघांनी मिळून त्या कागदाला यथासांग नमस्कार केला, मिळूनच वर आलो, आणि मी त्यांना खुर्चीत बसवलं.

मिसेस हॅरिसनी कागद उचलला.

"पट्टा सोडला नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "पास."

मला रडू आणि हसू एकदमच आलं. तेवढ्यात मिस्टर डॉनलींनी माझ्या हातावर थोपटलं. शेवटचा तो वाकायचा व्यायाम कमरेला फारच छान वाटला म्हणाले, रोज किती वेळा करायचा?

खरं सांगायचं म्हटलं तर नमस्काराचं सगळंच सांगावं लागलं असतं. मी घाबरून म्हटलं, "सकाळ-संध्याकाळ, दहा-दहा वेळा."

पुढे कित्येक वर्षं ते मला बाजारात भेटले की भर रांगेत वाकून दाखवायचे. मी पंचवीस वर्षं नोकरी केली, शेकडो पेशंटना घरी करायचे व्यायाम शिकवले. त्यांतला पेशंटनं तंतोतंत पाळलेला तेवढा एकच.