कागदाची कोरी बाजू

"माले शक शे."

बॉनेट उघडल्यावर मिस्तरींचं पहिलं वाक्य हेच. हात पाठीमागे बांधायचे, मान तिरकी करायची, इंजिनाने आत्ताच काहीतरी लपवलं असावं अशा नजरेने त्याच्याकडे पाहायचं आणि म्हणायचं, मला शंका आहे.

तुम्हीही मिस्तरी पाहिले असतील. बॉनेट पुरतं वर जायच्या आत "पंप गेला, बदलावा लागेल" म्हणणारे. हे तसं म्हणाले नाहीत, म्हणून मला त्यांचा जास्तच संशय आला.

माणूस मूळचा सटाण्याकडचा. विचारात पडला की अहिराणीत बोलायचा, एरवी आपल्या नाशकातली सरमिसळ. बरीच वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटावर काढली. काम एकच, कुठला पाइप गळतोय ते शोधायचं. मग दिंडोरी रोडला पत्र्याची शेड टाकली आणि तोच स्वभाव गाड्यांना लावला.

चहावाला "बिनसाखरेचा" म्हणून ग्लास ठेवायचा. मिस्तरी आधी त्यात बोट बुडवून चाखायचे. एकदा चहावाला वैतागला.

"मिस्तरी, घरी बायकोच्या चहातही बोट घालता का?"

"तिच्या चहात दोनदा घालतो. ती लबाड आहे. माझं तोंड उतरलेलं दिसलं की गुपचूप साखर टाकते."

नवा पार्ट आला की डब्यावरचं नाव वाचायचेही नाहीत. आतलं रबर बोटांत ताणायचे, उजेडात धरायचे. "छापायला काय, काहीही छापतात," म्हणायचे.

हे मला लागायचं. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील तरुणपणी मोर्च्यांत ती वाटायचे, उरलेली ट्रंकेत ठेवायचे. मी अक्षरं त्यांवरच गिरवली. गेल्या वर्षी मी स्वतः एक पत्रक काढलं, 'गाडीमालकांनो, सावध!' मिस्तरीवर आंधळा विश्वास ठेवू नका. जुना पार्ट परत मागा. साधी कामं स्वतः करा. गॅरेजांच्या दारात उभं राहून मी ते वाटलं, या शेडच्या दारातही. मिस्तरींनी घडी घालून खिशात ठेवलं. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "पत्रकवाल्या ताई".

मखमलाबादला आमचा झेंडू आहे. घरची सात सीटची जुनी गाडी. दसऱ्याआधी मागच्या सीटा काढून त्यात क्रेट भरायचे आणि वडिलांनी पहाटे पंचवटीच्या फूलबाजारात न्यायचे, हे वर्षानुवर्षांचं. पण वडिलांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. पॉवर स्टिअरिंग आहे तोवर ते चालवू शकत होते. ते जड झालं की संपलं. मी चालवते म्हटलं की म्हणायचे, "मग मी काय, मागे झेंडूत बसू?"

दसरा आठ दिवसांवर आला आणि स्टिअरिंग जड झालं. वळवताना पंप कण्हायचा. अंगणात गाडीखाली तेलाचं थारोळं. वडिलांनी एका वळणावर दोन्ही हातांनी जोर लावला, चेहरा पांढरा पडला, आणि गाडी तिथेच उभी करून ते मला म्हणाले, "तू घे." एवढंच.

मिस्तरींकडे गाडी लावली आणि मी स्टूल घेऊन समोर बसले. नजर हटवायची नाही, असं माझ्याच पत्रकात होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी पंप आणि त्याच्या नळ्या फक्त पुसल्या. दुसऱ्या दिवशी बायकोचा पावडरचा डबा आणून सगळ्यावर पावडर शिंपडली. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "ताई, एका बाजूने कोरा असा कागद आहे का?"

माझ्या पिशवीत उरलेली पत्रकं होती. त्यांनी दहाबारा घेतली, कोरी बाजू वर करून गाडीखाली अंथरली, इंजिन चालू केलं आणि मला स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. मग पालथे पडून एकेक कागद पाहत बसले. माझं पत्रक इतक्या बारकाईने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. तेही मागच्या बाजूने.

वडील वैतागले होते. फूलबाजारात चार जणांना सांगून आले, की या मिस्तरीने काही न करता तीन दिवस गाडी अडवली आहे. आमच्या ओळखीच्या दोघांनी आपल्या गाड्या दुसरीकडे नेल्या. मला त्यात काही गैर वाटलं नाही.

मिस्तरींनी एक कागद उचलला. पावडर जिथे भिजली होती, बरोबर त्याखालचा. डाग बोटाने चोळला, हुंगला.

"तांबडं पाहिजे. हे पिवळट शे." मग माझ्याकडे पाहून हळूच, "तेल कुणी टाकलं?"

मीच टाकलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी पंप पहिल्यांदा कुरकुरला तेव्हा. गॅरेजवाले लुटतात म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि घरातल्या फळीवरची बाटली ओतली. साधी कामं स्वतः करा. बाटली ब्रेक ऑइलची होती. स्टिअरिंगच्या पंपातली रबरी सीलं त्याने फुगतात, मऊ पडतात आणि गळायला लागतात, हे मला आत्ता कळत होतं.

"काय निघालं मिस्तरी?" वडील शेडच्या दारातून ओरडले.

मी तोंड उघडलं. मिस्तरींनी ओला कागद माझ्यापुढे आडवा धरला.

"सीलं गेली अण्णा. रबरच ते, फुगतं. उद्या गाडी न्या."

वडील पुटपुटत चहाला गेले. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? हा माणूस आता मला दाबणार. गुपित हातात आहे, वाटेल ते सांगणार.

"का लपवलंत?" मी विचारलं.

"दसरा होऊ द्या, मग सांगा त्यांना. चार-पाच दिवसांनी त्यांना गर्दीत गाडी घालायचीय त्या खांद्याने. शक करायला मी बसलोय ना इथे. चालवणाऱ्याच्या मनात शक घुसला की हात कचरतो."

"पण ते तुमच्यावर संशय घेतायत."

"घेऊ द्या. मला कुठे त्यांची गाडी चालवायचीय?"

आणि पंप उतरवायला वळता वळता म्हणाले, "पत्रकात एक ओळ वाढवा, ताई. बाटलीवरचं वाचा."

दुसऱ्या दिवशी नवी सीलं बसली, सगळा पाइप तीनदा धुवून तांबडं तेल भरलं गेलं. जुनी फुगलेली सीलं त्यांनी कागदात बांधून माझ्या हातात ठेवली, "जुना पार्ट परत मागा" असं माझ्याच आवाजात म्हणत. वडिलांनी स्टिअरिंग एका हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. मग दोन बोटांनी. मग उगाचच पुन्हा एकदा.

दसऱ्याला झेंडू त्यांनीच नेला.

मी मात्र दसरा झाल्यावर सांगितलं नाही. दिवाळीनंतरही नाही. इतरांच्या खोटेपणावर पत्रकं काढणं सोपं असतं.

मग एकदा शेडला कुलूप दिसलं. शेजारचा चहावाला म्हणाला, मिस्तरींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता बारीक दिसत नाही, सटाण्याला गेले कायमचे. "गिऱ्हाइकही कमी झालेलं," तो म्हणाला आणि कपाटावरून एक पुडकं काढलं. "तुमच्यासाठी ठेवलंय."

आत माझंच पत्रक होतं, तेच, डागाचं. डागाभोवती बॉलपेनने गोल केलेला. उलटून पाहिलं. 'मिस्तरीवर आंधळा विश्वास ठेवू नका' या ओळीखाली रेघ मारून लिहिलं होतं : बरोबर.

तो कागद मी घरी वडिलांच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी डागाभोवतीच्या गोलावरून बोट फिरवलं.

"म्हणजे पंप तू घालवलास आणि बाजारभर नाव त्याचं घालवलं मी."

दुसऱ्या दिवशी फूलबाजारात त्यांनी गाळ्या-गाळ्यावर जाऊन खरं काय ते सांगितलं. लोक हसले. एकाने विचारलं, "पण आता सांगून काय, ते तर गेले ना?" वडील पुढच्या गाळ्याकडे वळले.

रविवारी सकाळी म्हणाले, "चल, सटाण्याला." किल्ली त्यांच्याच हातात होती. मी डिकीत झेंडूची एक पाटी ठेवली. निघण्याआधी त्यांनी डावा हात टेकून खाली वाकून गाडीखालचा कागद ओढला. हल्ली आम्ही रोज एक ठेवतो. तो उन्हात धरला, फिरवून पाहिला. कोरा होता.

"तरी एकदा तेल बघ," ते म्हणाले. "आणि बाटलीवरचं वाच."