पोवळ्याचे दोन तुकडे

गंगापूर रोडवरच्या एक्स-रे सेंटरमध्ये मी गुडघ्याचा फोटो काढायला बसलो होतो. शेजारची तिशीतली बाई मांडीवरचा डबा क्षणभरही सोडत नव्हती, आणि दर दोन मिनिटांनी उठून काउंटरपाशी जात होती. डब्यात पोवळ्याचे दोन तुकडे होते.

"मॅडम, इथं माणसांचे फोटो काढतात," टेक्निशियन म्हणाला.

"आमच्या कॉलेजात मशीन नाही हो," म्हणत तिने परवानगीची पत्रं पुढे केली. तो हसला आणि तुकडे आत घेऊन गेला.

ओढणीचं टोक पिळत ती मला सांगू लागली, "काका, पोवळ्याचा सांगाडा समुद्रातले किडे पोखरतातच, ते पूर्वीपासून चालत आलंय. पण आपल्या धुराने पाणी आंबट होत चाललंय. त्यात पोखरणं सोपं जातं, आणि पोवळ्याला नवं बांधणं जड. एक तुकडा मी दोन वर्षं नेहमीच्या समुद्राच्या पाण्यात ठेवला, दुसरा आंबट केलेल्या."

फोटो आले. पहिल्यात चार-दोन भोकं होती. दुसऱ्याची आतून चाळण झाली होती.

मला वाटलं, अंदाज खरा ठरला म्हणून ती खूश होईल. पण ती म्हणाली, "दादा, प्लीज परत काढा. माझं काहीतरी चुकलं असेल."

दुसऱ्यांदाही तेच दिसलं. ती फोटोकडे बघत उभीच राहिली. आपलं चुकलेलंच निघावं म्हणून एवढं तळमळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझं नाव पुकारलं, तरी मला उठवेना.