मामाने फुगवलेला फुगा

सोसायटीच्या हॉलमध्ये नव्या फुग्यांच्या रबराचा वास आला आणि मी नाक दाबलं. लहानपणी मुलुंडच्या घरी माझ्या वाढदिवसाला टॉफ्या भरलेला मोठा फुगा मामाने फुगवला होता, तोंडात गुटखा तसाच ठेवून. "मामा, याला फुगा का म्हणतात रे?" "फुगतो म्हणून फुगा!" तो लाल दात दाखवत हसला. केक कापल्यावर आईने टाचणीने फुगा फोडला. आमच्या डोक्यांवर टॉफ्या पडल्या आणि सोबत त्याच्या थुंकीचे तांबडे शिंतोडे. शी! टॉफीचा कागद सोलताना बोटं चिकट झाली. "मामाने एवढ्या प्रेमाने फुगवलाय ना, खा गुपचूप," आईने डोळे वटारले. मी खाल्ली. आज माझ्या लेकीने विचारलं, "आई, फुगा म्हणजे काय गं?" "दुसऱ्याची थुंकी," मी म्हटलं आणि तिच्या ओठांजवळचा फुगा हिसकावून घेतला.