पान तीनशे एक, लॉट पास

कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या मामांनी एकही निर्णय स्वतःच्या डोक्यानं घेतलेला नाही, आणि या गोष्टीचा त्यांना जितका अभिमान आहे तितका मला माझ्या पीएचडीचासुद्धा नाही. पंखा बिघडो, पाहुणे येवोत, कोणाचं लग्न जमो किंवा मोडो, मामा आधी चष्मा काढतात, गमछ्यानं पुसतात आणि विचारतात, "अशा टायमाला साहेबांनी काय केलं होतं, मालूम आहे का?" हे साहेब कारखान्यातले नव्हेत. शंभरेक वर्षांपूर्वी वारलेले ते एक जगप्रसिद्ध परदेशी कादंबरीकार आहेत. त्यांचे बारा खंड आणि एक चरित्र, सगळं हिंदी भाषांतरात, मामांना जबलपूरच्या बड़ा फुहारा बाजारातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडे एकगठ्ठा मिळालं. मामांनी ते स्कूटरवरून तीन खेपांत घरी आणलं आणि तेव्हापासून आमच्या कुटुंबात कोणावरही नवीन संकट म्हणून येईनासं झालं. आमच्यावर जे काही यायचं ते साहेबांवर आधीच येऊन गेलेलं असे.

मी फ्लॅट घ्यायचा की नाही या विचारात होतो तेव्हाची गोष्ट. मामा म्हणाले, "साहेबांनी तीन घरं बदलली. तिन्ही घरांत ओल होती. तरी लिहीत राहिले." मी विचारलं, "मग मी काय करू?" मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "भिंतीला हात लावून पाहून घे." मामींची दाढ ठणकत होती तेव्हा त्यांना ऐकावं लागलं, की साहेबांनी दाढ दुखत असताना चाळीस पानांचं एक प्रकरण एका बैठकीत लिहिलं. गालाला हात लावून बसलेल्या मामी म्हणाल्या, "मला स्वयंपाक लिहायचा नाही आहे. करायचा आहे." मामांनी त्या दिवशी खिचडी लावली, पण साहेबांनी कधी खिचडी लावल्याची नोंद चरित्रात नसल्यामुळे ती करपली.

सगळ्यात गाजलं ते शेजारच्या वर्माजींचं प्रकरण. वर्माजी आपली गाडी रोज मामांच्या फाटकासमोर आडवी लावत. भांडायचं कसं, तर साहेबांसारखं. साहेब म्हणे शेजाऱ्याशी तोंडानं कधी भांडले नाहीत, त्याला सरळ कादंबरीत घातलं आणि तिसऱ्या प्रकरणात नदीत बुडवलं. मामांना कादंबरी लिहायची नव्हती, त्यांना फक्त तिसरं प्रकरण हवं होतं. त्यांनी जुन्या रजिस्टरचं एक कोरं पान उघडलं, त्यावर 'वर्माजी ग्वारीघाटावर नर्मदेत बुडाले' एवढंच लिहिलं, खाली सही केली आणि शांतपणे जेवायला बसले. दुसऱ्या दिवशी फाटकासमोर गाडी नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. तेव्हा मामांच्या तोंडचं पाणी पळालं. ते चप्पल न घालताच वर्माजींच्या दारात गेले. वर्माजींना साधा ताप आला होता. पुढचे चार दिवस मामा सकाळ-संध्याकाळ त्यांच्यासाठी पेज घेऊन जात होते, आणि रजिस्टरचं ते पान फाडून त्याचे इतके बारीक तुकडे केले की मामींना झाडू दोनदा मारावा लागला. गाडी अजून फाटकासमोरच असते. आता मामाच वर्माजींना म्हणतात, "लगी रहने दो भैया, दिखती रहती है तो अच्छा लगता है."

आता हे बारा खंड मामांनी वाचले कसे, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मामांची उभी हयात खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासणी खात्यात गेली. तिथे हजार नगांचा लॉट समोर आला की हजार नग कोणी पाहत बसत नाही. ठरलेल्या अंतरानं नग उचलायचे, मापाचा गेज लावायचा, ते बरोबर निघाले की लॉट पास. मामा पुस्तकंही तशीच वाचतात. पान एक, मग एकवीस, मग एक्केचाळीस, असं शेवटपर्यंत. वाचलेल्या पानाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण आणि खाली छोटी सही. अधलंमधलं पान चुकून उघडलं तरी ते वाचत नाहीत, सॅम्पल बिघडतं म्हणतात. "अरे, सगळाच माल पाहत बसलो तर पाठवायचा कधी?" असं त्यांनी मला सुनावलं होतं, आणि मी, ज्याचा सगळा पगार विद्यार्थ्यांना पुस्तकं अख्खी वाचायला सांगण्यावर चालतो, मान डोलावली होती. हिवाळ्यात पनागरहून मटाराचं पोतं येतं, तेव्हाही मामा त्यातल्या पाचच शेंगा सोलून पाहतात आणि जाहीर करतात, "पास." मग दुपारभर सोलत बसलेल्या मामींच्या ताटात अळ्या निघू लागल्या की त्या आतून ओरडतात, "तुमच्या पाच शेंगा तुम्हीच खा!"

साहेबांची आणखी एक गोष्ट मामांनी उचलली होती. साहेब रोज तासभर पायी फिरत. मामा मात्र रोज नव्हे, फक्त रविवारी फिरत, आणि तेही सकाळी अकरा ते बारा. आठवड्याचे बाकी सहा दिवस ते कोपऱ्यावरून दूध आणायलाही स्कूटर काढत. मे महिन्यात जबलपूरच्या उन्हात डोक्यावर ओला गमछा टाकून ते निघत तेव्हा मी एकदा म्हटलं, "मामा, साहेब थंड देशातले होते." ते म्हणाले, "शिस्त ती शिस्त." एका रविवारी मी त्यांच्याकडेच जात होतो, तर कॉलनीच्या फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली, घरापासून दोनशे पावलांवर, मामा बाकावर बसलेले दिसले. फिरण्याचं नाव नाही. दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत होते. बारा वाजले तसे उठले आणि दमल्यासारखी पावलं टाकत घरी गेले.

मला तेव्हा उलगडा झाला. दर रविवारी अकरा वाजता पुण्याहून गुड्डीचा फोन येतो.

गुड्डी ही मामांची एकुलती एक मुलगी. तिनं चार वर्षांपूर्वी स्वतःच आपलं लग्न ठरवलं आणि तारीख फोनवर कळवली. मुलगा वाईट नव्हता, मामांनाही तसं म्हणायचं नव्हतं. पण तिनं विचारलं नाही, सांगितलं, हे त्यांना लागलं. "ठरवूनच टाकलं तर आता सांगून काहून राहिली?" एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि त्यानंतर बापलेक एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गुड्डीही त्यांचीच मुलगी. मामी फोनवर बोलतात हे मामांना माहीत होतं आणि मामांना माहीत आहे हे मामींना माहीत होतं. फक्त कोणाचा अपमान होऊ नये म्हणून साहेबांना दर रविवारी उन्हात फिरावं लागत होतं.

मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, तुम्हीच एक फोन करा ना." त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं डोळे पुसताहेत, पण ते काचाच पुसत होते. "सातवा खंड," ते म्हणाले. "त्यातल्या बापाची पोरगीही अशीच चालली गेली होती. पान दोनशे एक्क्याऐंशी, बाप दार लावून गप्प बसतो. चिठ्ठी नाही, निरोप नाही, काही नाही. पान तीनशे एक, पोरगी हातात बॅग घेऊन दारात उभी. घरात दिवा लागलेला. पान तीनशे एकवीस, पोरगी अंगणात सफरचंदं तोडून राहिली. समजलं? गप्प बसलं की माणूस आपोआप येऊन जाते. साहेब काही येडे नव्हते."

जाताना मी तो सातवा खंड मागून घेतला. त्यांनी आनंदानं दिला, मीही सुधारतोय असं त्यांना वाटलं असावं. घरी आल्यावर मी तीनशे एक उघडलं. कोपऱ्यात लाल खूण, खाली सही. मुलगी खरंच दारात उभी होती, घरात खरंच दिवा होता. मी पान उलटलं. दिवा शेजारणीनं लावला होता. बाप जाऊन आठ दिवस झाले होते. मुलगी चार गावं बदलून, मिळेल त्या गाडीनं आली होती आणि तिला उशीर झाला होता. शेवटपर्यंत बाप खिडकीशी बसून होता आणि टेबलावर त्यानं तिला लिहायला घेतलेली चिठ्ठी अर्धी पडली होती, असंही पुढे लिहिलं होतं. मी पुस्तक मिटलं. मला मामांचा राग आला आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली. चार वर्षं हा माणूस एका मेलेल्या बापाचा कित्ता गिरवत होता.

मग माझं लक्ष गेलं, त्या तीनशे दोनच्या कडेला हळदीचं बोट उमटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मामा बाजारात गेलेले पाहून मी मामींना गाठलं. "मामी, तुम्ही वाचलंय हे?"

"बाराही वाचून झाले. दुपारभर मी काय करते, असं वाटते तुला?"

"मग मामांना सांगितलं का नाही?"

मामींनी हातातली मेथी खाली ठेवली. "सांगितलं असतं तर म्हणाले असते, साहेबांनी बायकोचं कधी ऐकलं नाही. आणि खोटं नाही ते. मी चरित्र पण वाचलं." मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्या हातूनच चूक सापडायला पायजे रे. दुसऱ्यानं दाखवली की ते गेज बदलतील, लॉट परत घेणार नाहीत."

त्या वाक्यानंच मला वाट दिसली. मामा परत आल्यावर मी अगदी सहज विचारलं, "मामा, कारखान्यात पास झालेल्या लॉटची तक्रार आली तर तुम्ही काय करत होतात?"

"सगळा माल परत," मामा ताठ बसून म्हणाले. "शंभर टक्के तपासणी. एक एक नग. ज्याची सही, तोच बसणार. माझ्या पूर्ण सर्व्हिसमध्ये दोनदा झालं. दोन्ही वेळा मीच बसलो."

मी सातवा खंड त्यांच्यापुढे ठेवला. "मग या लॉटची तक्रार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मामींकडे पाहिलं. मामी मेथी निवडत होत्या आणि भाजीतून नजर काढत नव्हत्या. मामांनी लाल पेन्सिलीला टोक केलं, पुस्तक उचललं आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. सुरुवात त्यांनी दोनशे एक्क्याऐंशीपासून केली. मामींनी नंतर मला सांगितलं की त्या दिवसापासून पुढचे तीन दिवस घरात साहेबांचं नाव निघालं नाही. दूध फाटलं तरी नाही.

रविवारी मी मुद्दाम अकराच्या आधीच गेलो. मामांनी नेहमीप्रमाणे बूट घातले, गमछा घेतला आणि निघाले. अकराला फोन वाजला. मामी आणि गुड्डी बोलू लागल्या, चिंचेची चटणी, गुड्डीच्या सासूबाईंचा गुडघा, असलं काहीबाही. दहा मिनिटंही झाली नसतील, तोच दार उघडलं. मामा उभे होते. चार वर्षांत पहिल्यांदा ते बारा वाजायच्या आत परतले होते. मामी बोलता बोलता थांबल्या. तिकडून गुड्डी विचारत होती, "आई? हॅलो? आवाज येत नाही का?"

मामा दाराजवळच्या स्टुलावर बसले, बूट न काढताच, आणि हात पुढे केला. मामींनी फोन दिला. मामांनी तो कानाला लावला. मला वाटलं, आता साहेबांचं काहीतरी निघणार. पण ते म्हणाले, "गुड्डी, मधली पानं वाचायची राहून गेली होती."

तिकडून ती म्हणाली, "बाबा?"

"हो."

"मग? वाचली आता?"

"वाचली. लॉट रिजेक्ट. माझी सही होती, चूक माझी."

कारखान्यातल्या माणसाची ती मुलगी. तिला पुस्तकाचं काहीच माहीत नव्हतं, पण बाकी सगळं बरोबर समजलं. ती हसली, आणि हसता हसता रडतेय हे स्टुलापासून पाच फुटांवर बसलेल्या मलाही ऐकू आलं. मामी उठून आत गेल्या. मीही काही काम नसताना अंगणात जाऊन वर्माजींच्या गाडीकडे पाहत उभा राहिलो. माझेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

आता गुड्डीचा फोन कधीही येतो आणि मामांनी रविवारचं फिरणं सोडलं आहे. पण एक नुकसान झालं आहे. मामांनी शिकवण देणंच बंद केलं. सगळ्या लाल खुणा त्यांनी स्वतःच्या हातानं खोडल्या, आणि आता ते पहिल्या खंडापासून एक एक पान वाचताहेत, प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत. घरात पंखा बिघडला की पंखेवाल्याला बोलावतात. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. मागच्या आठवड्यात माझी बदली भोपाळला होण्याची चिन्हं दिसू लागली. जावं की थांबावं, काही सुचेना. मी जुन्या सवयीनं जाऊन विचारलं, "मामा, अशा वेळी साहेबांनी काय केलं असतं?"

मामांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. बोट पानावरच होतं. "आताशी चौपन्नाव्या पानावर आहे बेटा," ते म्हणाले. "पूर्ण वाचल्याशिवाय काही सांगत नाही. वाचून होऊ दे, मग सांगतो."

बारा खंड आहेत, आणि मामांना येत्या उन्हाळ्यात पंच्याहत्तर पूर्ण होतील. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "घाई नाही मामा. सावकाश वाचा."