हबीबचाचांची गरम सीट

कामशेतच्या बाजारात हबीबचाचा तांदूळ विकायच्या आधी त्याचा वास देत. गिऱ्हाइकाने भाव विचारण्यापूर्वीच मूठभर इंद्रायणी त्याच्या नाकाखाली येई. "आदी हुंगा, मग बोला." मी त्यांचा शेजारी. हुंगून झाल्यावरही गप्पच उभा राहायचो, म्हणून ते मला 'बिनआवाजी गिऱ्हाईक' म्हणत.

चाचींना कंबरेच्या उपचारासाठी दर आठवड्याला लोणावळ्याला जावं लागे. थंडीत कंबर धरायची, म्हणून चाचांनी मुद्दाम गरम होणाऱ्या सीटची नवी गाडी घेतली. काही महिने सीट छान तापली. मग एका सकाळी गाडीच्या पडद्यावर कुलपाचं चित्र दिसलं: ऊब हवी तर दरमहा वेगळे पैसे. चाचा मला साक्षीदार म्हणून शोरूममध्ये घेऊन गेले.

"सीट माझी?" त्यांनी तिथल्या मुलीला विचारलं.

"हो, काका."

"आतली तार, बॅटरी?"

"सगळं तुमचंच आहे, काका. फक्त फीचर चालू करून घ्यावं लागेल."

"म्हंजी मी तुला तांदूळ इकायचा, आन् भात शिजल्यावर म्हनायचं, वास पायजे आसंल तर म्हैन्याला येगळे दे!"

मुलगी हसली. कुलूप तसंच राहिलं.

चाचांनी पैसे भरले नाहीत. त्या दिवसापासून गाडीच्या पडद्याकडे रागाने बघणंही सोडलं. लोणावळ्याच्या दिवशी ते स्वतः गॅसपुढे उभे राहून तांदूळ भाजत आणि जाड पिशवीत भरून चाचींच्या सीटवर ठेवत. पहिली पिशवी एवढी मोठी झाली, की गाडीला ती माणूसच वाटली. पट्टा लावा म्हणून गाडी कोकलू लागली. चाचांनी तांदळाला पट्टा बांधला आणि ते माझ्याकडे वळले.

"बगा सर, बोंबलायचं तेवढं फुकाट ठिवलंय!"

दारात उभ्या चाची म्हणाल्या, "त्यालाच न्या लोनावळ्याला. मी ऱ्हाते घरी."

पुढे पिशवी लहान झाली, आणि "कंपनीला हरवलं" हे चाचा अख्ख्या बाजाराला सांगत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

भेटायला गेलो तेव्हा चाचींनी सांगितलं, की त्यांच्या मुलाने सीटचे पैसे तेव्हाच गुपचूप भरले होते.

"मग चाचांना सांगितलं नाहीत?"

"कशाला, भाऊ? मी ते बटन कदी दाबलंच न्हाई. उभ्या जन्मात हे गॅसकडं फिरकले न्हवते. पिशवी ठिवली की धा येळा इचारायचे, लय पोळतंय का गं? सीट इचारती व्हय आसं?"