भिंतीमागची हजेरी

म्हाळसाला एक खोड होती. वर्गात हजेरी घ्यायची वेळ झाली की आधी उठून खिडकीतून बाहेर डोकवायची, भिंतीला टेकून कुणी उभं आहे का ते बघायची आणि मगच नावं पुकारायला घ्यायची. पोरांना आयतीच गंमत मिळायची. "बाई, कोण न्हाय, बकरं हाय निस्तं!" एखादं ओरडायचं आणि सगळा वर्ग खिदळायचा. म्हाळसाही हसायची. असं का करते हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

शाळा जिल्हा परिषदेची, शेळगावच्या अलीकडं कोळेकरवस्तीवर. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. एका खोलीत हेडमास्तर दादासो गुरुजी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथीला म्हाळसा. ती बारामतीहून सकाळच्या एसटीनं यायची आणि फाट्यावर उतरून पायवाटेनं चालत शाळा गाठायची. वाट तिच्या पायाखालचीच होती. ह्याच वस्तीत बिरदेव कोळेकराच्या घरी ती जन्मली, ह्याच शाळेत, ह्याच गुरुजींच्या हाताखाली शिकली. बापाची मेंढरं होती. दिवाळी झाली की सगळं घर मेंढरांमागं जायचं ते पावसाच्या तोंडाला परत. तरी पोरगी शिकली, कारण सातवीनंतर गुरुजी बापाच्या दारात ठाण मांडून बसले. "बिरदेवा, ही मास्तरीण हुईल. लिहून घे माझ्याकडनं." डीएडला नंबर लागला तेव्हा तिची पत्र्याची पेटी सायकलच्या कॅरेजला बांधून ह्याच गुरुजींनी तिला बारामतीच्या वसतिगृहात सोडलं होतं. तेव्हा गुरुजींचा शब्द म्हणजे तिला बापाचा शब्द. आजवर तिनं तो मोडला नव्हता.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलं.

त्या सुमाराला राज्यभरच्या शाळांत एक नवी गोष्ट आली होती, किमान अध्ययन क्षमता. सरकारनं ठरवून दिलं की पहिलीच्या पोराला इतकं आलंच पाहिजे, दुसरीच्याला इतकं, चौथीच्याला इतकं. भाषा, गणित, परिसर, सगळ्याचं. बारामतीला त्याचं प्रशिक्षण झालं. बाकीचे शिक्षक जांभया देत होते, म्हाळसा मात्र कान टवकारून बसली होती. साहेब लोकांच्या भाषणातले दोनच शब्द तिनं गाठीला बांधून आणले. 'प्रत्येक मूल'. म्हणजे पुढच्या बाकावरची चार हुशार पोरं उभी करून भागायचं नाही. एकेकाला जवळ बोलवून बघायचं, त्याला येतं का.

गुरुजींना ते सगळं थोतांड वाटे. "सरकारचं काय जातंय ठरवायला? मेंढरामागनं आठ म्हैन्यांनी आलेलं पोरगं आन् शेळगावच्या सावकाराचं पोरगं एकाच मापानं मोजायचं म्हणं! हाय का अक्कल?" बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण मेमध्ये गुरुजी निवृत्त व्हायचे होते, आणि उभ्या नोकरीत त्यांच्या शाळेवर एकही वाईट शेरा नव्हता. तेवढी एकच मिरास त्या माणसाजवळ होती.

फेब्रुवारीत निरोप आला. गुरुवारी विस्तार अधिकारी चाचणी घ्यायला येणार. मंगळवारी शाळा सुटताना गुरुजींनी म्हाळसाला बोलावलं.

"तुझ्या चौथीतली ती मागास पोरं परवा घरीच ऱ्हाऊं देत."

"गुरुजी, आता एकेका पोराची चाचणी हाय. गैरहजर लागली तर चौथीतच ऱ्हातील."

"ऱ्हाऊं देत की. एक वरीस बसली म्हणून काय आभाळ कोसळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची, पोरी. माझं तीन म्हैनं ऱ्हायल्यात."

"नकोशीचं वरीस गेलं तर तिची शाळाच गेली, गुरुजी."

गुरुजींनी टोपी नीट केली. "मी बोललोय त्यांच्या आईबापांशी. तू मधी पडू नगंस," म्हणाले आणि सायकल घेऊन गेले.

नकोशी दत्तोबाची चौथी मुलगी. चौथी मुलगीच झाली म्हणून नाव नकोशी, की पुढच्या खेपेला तरी मुलगा व्हावा. मुलगा काही झाला नाही, नाव तेवढं चिकटलं. पोरगी बोलायला तिखट, वाचायला अडखळणारी. वाचनाची गोडी लागायच्या आतच दरसाल मेंढरांमागं जायची, त्याला ती काय करणार? यंदा म्हाळसानं हातापाया पडून तिला चुलत्याकडं ठेवून घेतलं होतं. दत्तोबानं तेव्हाच बजावलं होतं, "यंदा चौथी झाली तर शेळगावच्या शाळंत घालतो. न्हाय झाली तर पोरगी मेंढरामागं. दोनदोनदा चौथी करायला ती काय कलेक्टर व्हनार हाय?"

त्या संध्याकाळी म्हाळसानं एसटी सोडून दिली आणि उसाच्या कडेनं दत्तोबाचा मुक्काम गाठला. मेंढरं फिरत फिरत वस्तीजवळ आली होती आणि सोमेश्वरनगरच्या अंगाला निघायच्या बेतात होती, तोवर इथल्याच एका रानात बसवली होती. दत्तोबा वाघर ताणत होता, मेंढरांभोवती लावायचं ते जाळं.

"बाई, गुरुजी सकाळीच सांगून गेलं," तो खुंटी ठोकत म्हणाला. "एवढा मोठा माणूस दारात आला. त्यांचं कसं मोडायचं?"

"आन् पोरीचं मोडायचं?"

"तुमास्नी शिकीवलं त्यांनी. तुमीच असं बोलाय लागला व्हय?"

म्हाळसाला झोंबलंच ते. ती तशीच वळली. जाळ्याच्या टोकाला, आईबापाकडं आलेली नकोशी एक कोकरू मांडीत घेऊन बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "मला काय येत न्हाय म्हणून गुरुजींनी घरी ऱ्हा म्हणलंय," ती कोकराला सांगावं तसं म्हणाली.

म्हाळसा तिच्याजवळ ढेकळांतच बसली, आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं ते तिनं ह्या दहा वर्षांच्या पोरीला सांगितलं.

"मी चौथीत हुते. असंच साहेब येनार हुतं. गुरुजी म्हणले, म्हाळसा, उद्या नगं येऊ. मला बी वाचाय येत नव्हतं. पर मला घरी बसवंना. कोकरू घेतलं आन् शाळंच्या भिंतीमागं, खिडकीखाली जाऊन उभी ऱ्हायले. आत हजेरी चाललेली. माझं नाव आलं. मी हळूच 'हजर' म्हणलं. कुणाला ऐकू गेलं न्हाय. आतनं कुणीतरी म्हणलं, न्हाय आली. तू माझ्यासारखी भिंतीमागं उभी ऱ्हाऊ नगंस. तू आत ये."

नकोशी कोकराला घेऊन वाघरीत शिरली. येईल की नाही, म्हाळसाला कळेना.

गुरुवारी शाळा सारवून लख्ख. टेबलावर टॉवेल, टोपी आणि नारळ. विस्तार अधिकारी विजयसिंह साहेब राजदूत फटफटीवरून उतरले, तेव्हा पोरं हात जोडून प्रार्थनेला उभी होती. म्हाळसा डोळे उघडे ठेवून प्रार्थना म्हणत होती. चौथीच्या रांगेला खिंडारं पडली होती. तिचं सगळं लक्ष पायवाटेकडं. प्रार्थना संपली, पायवाट रिकामी. वर्गात गुरुजींनी हजेरी पुकारली. मागास पोरांची नावं आली तसं ते पुढं सरकत गेले, "गैरहजर, गैरहजर," जसा काही गोवरच आलाय पोरांना. म्हाळसानं खिडकीबाहेर पाहिलं. तिथं बकरंही नव्हतं.

आणि हजेरी संपते न संपते तोच दारात नकोशी. केस तेल लावून चापूनचोपून बसवलेले, पायांना रानातली माती. "बाई, येऊ का?"

गुरुजींनी म्हाळसाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. विश्वासानं पाठ टेकावी आणि भिंतच नसावी, तसं काहीतरी होतं. म्हाळसाची मान खाली गेली. पण तोंडातून निघालं, "ये."

साहेबांनी एकेकाला जवळ बोलवायला सुरुवात केली. दोन-चार पोरांनी फडाफडा वाचलं. मग नकोशी. धडा उघडून दिला. तिनं बोट ठेवलं, पहिला शब्द फोडला, दुसरा फोडला, तिसऱ्यावर अडकली. जोडाक्षर होतं. ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. गुरुजींनी डोळे मिटून घेतले. म्हाळसानं मनातल्या मनात बिरोबाला साकडं घातलं. काही उपयोग झाला नाही. साहेबांनी कागदावर फुली मारली.

'झालं,' म्हाळसाला वाटलं. 'मीच हिला ओढून आणलं, चारचौघांत उघडी पाडायला.'

"बरं," साहेब म्हणाले, "परिचित विषयावर पाच वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत. पाठ केलेली नकोत, तुझी तू. 'माझी शाळा' ह्यावर बोल."

नकोशीनं एकदा बाईंकडं पाहिलं. मग हात मागं बांधले.

"माझी शाळा वस्तीवर हाय. शाळंत साहेब यायचं असलं की आमाला घरी ऱ्हावा म्हणत्यात, कारण आमाला वाचाय येत न्हाय. आमच्या बाईस्नी बी लहानपणी असंच घरी बसीवलं हुतं. तवा त्या कोकरू घिऊन ह्या खिडकीखाली उभ्या ऱ्हायल्या आन् हजेरीला त्यांचं नाव आलं तवा हळूच हजर म्हणल्या, पर ते आत कुणालाच ऐकू गेलं न्हाय. म्हणून मी आज आत आलीया."

पाचच्या पाच. न थांबता.

म्हाळसाला वाटलं, धावत जाऊन म्हणावं, साहेब, पोरगी कायबाय बोलतीय, लक्ष देऊ नका. गुरुजींच्या उभ्या नोकरीला एका लेकरानं पाच वाक्यांत चूड लावली होती, आणि काडी म्हाळसानं पुरवली होती.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गुरुजी, खरं आहे का हे?"

गुरुजी खिडकीकडं बघत होते. मग म्हणाले, "खरं हाय. पर खिडकीखालचं मला आज कळलं." त्यांनी टोपी काढली, परत घातली. "साहेब, च्या घ्या तवर. मी ती पोरं घिऊन येतो."

साहेब काही म्हणायच्या आत ते बाहेर पडलेसुद्धा. सायकल वस्तीकडं गेली. मघाचा च्या निवला, दुसरा झाला. आणि मग पायवाटेवर सायकल दिसली. पुढच्या नळीवर एक पोरगं, कॅरेजवर एक पोरगी, कॅरेज धरून मागं दोघं पळतायत, आणि ह्या वयात, उन्हाचं, गुरुजी पायडल मारतायत. सायकल टेकवून त्यांनी एकेकाला हाताला धरून वर्गात आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

चमत्कार काही झाला नाही. ती पोरंही अडखळलीच. साहेब जाताना म्हणाले, "शेरा मला लिहावा लागेल, गुरुजी." गुरुजी म्हणाले, "लिव्हा." साहेबांनी नकोशीकडं बोट दाखवलं. "चाचणीला बसली ना, मग संपलं. कच्चं काय ते आपल्याला आता कळलंय. एप्रिलमध्ये परत येतो. वाचन पक्कं झालं की ही पाचवीत."

"मी घेतो वाचन," गुरुजी म्हणाले. "सगळ्यांचं."

घेतलंही. सुटीनंतर वर्गात, कधी रानात वाघरीपाशी. एप्रिलमध्ये नकोशीनं जोडाक्षरांसकट धडा वाचून दाखवला, आणि जूनमध्ये दत्तोबानं तिला शेळगावच्या शाळेत घातलं. गुरुजी मेमध्ये निवृत्त झाले, तो एक शेरा घेऊन. ते सगळं पुढचं. त्या गुरुवारचं एक सांगायचं राहिलं.

साहेबांची राजदूत फाट्याकडं गेली. म्हाळसा माफी मागायला गुरुजींपुढं उभी राहिली. गुरुजी हजेरीचं पुस्तक घेऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "सकाळची हजेरी चुकली. परत घ्यायची."

एकेक नाव पुकारलं. सकाळी न आलेली पोरं आता बेंबीच्या देठापासून "हजर!" ओरडत होती. नकोशी तर उभीच राहिली. शेवटचं नाव झालं. गुरुजींनी पुस्तक मिटलं. आणि मिटल्या पुस्तकावर हात ठेवून, न बघता, एक नाव आणखी पुकारलं.

"कोळेकर म्हाळसा बिरदेव."

पोरं फिदीफिदी हसायला लागली. बाईंचं नाव! हजेरीत!

म्हाळसा खिडकीपाशी उभी होती. ह्यावेळी आतल्या बाजूला.

"हजर, गुरुजी," ती म्हणाली. ह्यावेळी मोठ्यानं.